वसतिगृह मातीशी जुळावे, गावकुसाशी नव्हे

दहावी-बारावीचे निकाल लागले की खेड्यापाड्यांतील आमच्या पालकांपुढे दरवर्षी दोन प्रश्न उभे राहतात. पोराला प्रवेश कुठे मिळणार हा पहिला आणि पोरगं राहणार कुठे हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर आरक्षण, शिष्यवृत्ती, प्रवेश फेऱ्या असे बरेच काही लिहिले-बोलले जाते. दुसऱ्यावर मात्र सारे चिडीचूप. बोललेच तर जागांच्या संख्येपुरते. अर्ज किती आले, जागा किती, प्रतीक्षा यादी किती लांब. ते वसतिगृह कसे आहे, गावाच्या कोणत्या टोकाला आहे, त्याच्या खिडकीतून वारा येतो की गटाराची दुर्गंधी, त्याचे दार बाजारपेठेकडे उघडते की स्मशानाकडे, याची दखल ना समाजकल्याण खाते घेते, ना लोकप्रतिनिधी, आणि खेदाने म्हणावे लागते, ना आपली चळवळ.

वकिलीच्या आणि चळवळीच्या कामानिमित्त आम्ही बरीच वसतिगृहे आतून पाहिली आहेत. मंगल कार्यालयासाठी बांधलेल्या हॉलमध्ये पत्र्याची पार्टिशने ठोकून मुले ठेवलेली पाहिली. दुकानगाळ्यांच्या वरचा मजला पाहिला, तिथे रात्री दहानंतर शटर पडले की आतली मुले आत आणि बाहेरची बाहेर. स्वतःची इमारत असलेलीही पाहिली. ती बहुधा गावापासून इतकी लांब, की संध्याकाळी सातनंतर मुलीने एकटीने यायचे तर पालकांचा जीव टांगणीला लागावा. हे सारे योगायोगाने घडते असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या गावाचा नकाशा एकदा नीट पाहावा.

अलीकडे आर्किटेक्ट मंडळींच्या तोंडी एक वाक्य वारंवार ऐकू येते. इमारत परिसराला साजेशी असली पाहिजे, तिथल्या निसर्गाशी, वस्तीशी तिचे नाते असले पाहिजे. वाक्य ऐकायला गोड आहे आणि अर्धे खरेही आहे. पण आम्ही विचारतो, कोणता परिसर? आपल्या देशात प्रत्येक गावाला दोन परिसर असतात. एक डोंगर, माती, पाणी, वारा यांचा. दुसरा जातीचा, कोणी मध्ये राहायचे आणि कोणी गावकुसाबाहेर हे ठरवणारा. पहिल्याशी वसतिगृहाने जरूर जुळवून घ्यावे. दुसऱ्याशी जुळवून घेण्याची आमची तयारी नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याची जी परखड चिरफाड केली ती पुष्कळांना झोंबली, आजही झोंबते. पण खेड्याची रचना हीच विषमतेची रचना आहे हे त्यांचे म्हणणे खोडून काढणे कुणाला जमलेले नाही.

उदाहरणासाठी आम्ही कुंडल घेतो. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातले हे गाव ऐऱ्यागैऱ्या इतिहासाचे नाही. पूर्वी ते औंध संस्थानात होते. १९१० साली याच परिसरात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर, औंधच्या राजांनी दिलेल्या जमिनीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि त्याभोवती कामगारांची वसाहत उभी केली, तीच किर्लोस्करवाडी. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे एक मुख्य केंद्र होते. तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड इथलेच. त्यांच्या नावाचा साखर कारखाना आज गावात आहे. डोंगरावर पार्श्वनाथाची जैन तीर्थक्षेत्रे आहेत. वन खात्याची प्रशिक्षण प्रबोधिनीही कुंडलमध्येच आहे आणि तिथे प्रशिक्षणार्थी अधिकारी निवासी राहून शिकतात. म्हणजे शासनाला कुंडलसारख्या गावात डोंगरझाडी पाहून निवासी संस्था उभारता येत नाही असे कोणी म्हणू नये. खात्याला आपले अधिकारी घडवायचे असले की जागाही सापडते, निधीही सापडतो. मागासवर्गीयांच्या मुलांची गोष्ट निघाली की मात्र भाड्याची इमारत शोधली जाते.

तर कुंडल-पलूस भागात दोनशे मुलामुलींचे वसतिगृह उद्या बांधायचे ठरले तर ते कसे असावे? आम्ही इंजिनिअर नाही. पण ज्यांची मुले तिथे राहणार त्यांनी इमारतीबद्दल बोलूच नये, ते टेबलाखालच्या टेंडरवाल्यांवर सोडावे, हे आम्हाला मान्य नाही.

आधी जमीन. या तालुक्याच्या एका अंगाला कृष्णा आहे, दुसऱ्या अंगाला येरळा. नदीकाठची जमीन काळी, खोल, उसाची. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, तिच्याबरोबर भिंतीही तडकतात. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर पाच वर्षांत इमारतीला भेगा पडणार हे गावातला कोणताही जुना गवंडी सांगेल. त्यात कृष्णाकाठी बेसुमार पाणी देऊन जमिनी क्षारपड झालेल्या. तो क्षार भिंतीत चढतो, लोणा लागतो, गिलावा पापुद्र्यांनी गळतो. मग दरवर्षी रंगरंगोटीचे बिल निघते आणि दरवर्षी भिंत पुन्हा सोलते. ठेकेदाराला यात तोटा नाही.

पुराचे तर विचारूच नका. २००५, २०१९ आणि २०२१ अशी तीन मोठी पुरांची वर्षे या भागाने पाहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये याच पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि माणसे बुडून मेली. तेव्हा स्वस्तात मिळते म्हणून पूररेषेच्या आत वसतिगृहाची जागा घेणे हा आमच्या मते निष्काळजीपणा नव्हे, गुन्हा आहे. जागा डोंगराच्या पायथ्याकडे, मुरमाड उंचवट्यावर घ्यावी. मग पुराच्या दिवसांत हेच वसतिगृह नदीकाठच्या वस्त्यांना आसरा देऊ शकेल, आणि गावाला त्या इमारतीची गरज पडेल. गरज पडली की गाव तिच्याकडे तुसडेपणाने पाहत नाही, हा व्यवहार आहे.

मग वारा आणि ऊन. इथे वास्तुशास्त्र म्हणजे ईशान्य-नैर्ऋत्येचे थोतांड आम्हाला अभिप्रेत नाही. पण पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि एप्रिलमध्ये पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापून रात्रभर उष्णता ओकत राहते, हे शास्त्र आहे, थोतांड नव्हे. पश्चिमेला जिने, संडास-न्हाणी, कोठार ठेवावे आणि झोपायच्या खोल्या उत्तर-दक्षिण उघडाव्यात, इतके साधे ते आहे. तरीही कोकणात, आटपाडीच्या माळावर आणि गडचिरोलीत एकाच छापाचा नकाशा, तोच बुटका स्लॅब, त्याच सरकत्या काचेच्या खिडक्या! चाळीस अंशांच्या उन्हात त्या स्लॅबखाली एका खोलीत आठ मुले अभ्यास करतात आणि नापास झाली की त्यांच्या गुणवत्तेची चर्चा होते.

या मुलखातला काळा दगड, कृष्णाकाठच्या भट्ट्यांची वीट, मंगलोरी कौल, शहाबादी फरशी यांनी बांधलेले जाड भिंतींचे घर उन्हाळ्यात थंड असते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. असा दगड घडवणारा वडार, पाथरवट आज खडीच्या क्रशरवर मजुरीला जातो. स्थानिक साहित्यातून बांधकाम झाले तर पैसा या हातांत राहील. कोणी गैरसमज करून घेऊ नये. बलुतेदारी परत आणा असे आम्ही म्हणत नाही. वडाराच्या पोराने वसतिगृहात राहून इंजिनिअर व्हावे आणि त्याच्या बापाला तोपर्यंत घडीव दगडाचा रास्त, रोख आणि मस्टरवर नोंदलेला मोबदला मिळावा, इतकेच म्हणणे आहे.

येथवर आर्किटेक्ट मंडळी आमच्याशी सहमत होतील. पुढे मात्र वाट वेगळी होते. कारण "परिसराला साजेसे" म्हटले की यांच्या डोळ्यांपुढे वाडा उभा राहतो. चौकाचा, सोप्याचा, लाकडी खांबांचा वाडा. पर्यटन केंद्रांपासून हॉटेलांपर्यंत सगळीकडे हल्ली वाड्याची नक्कल चालते. वाड्याच्या जाड भिंती चांगल्या, चौकातला उजेड चांगला, आम्ही नाही म्हणत नाही. पण वाडा म्हणजे काय होते? वाडा म्हणजे जातीची मोजपट्टी होती. कोणी दारवंट्याबाहेर थांबायचे, कोणी अंगणापर्यंत यायचे, कोणाला सोप्यावर टेकता येते, कोणाला माजघरात प्रवेश आहे आणि देवघर-स्वयंपाकघर कोणासाठी, हे त्या घराच्या प्रत्येक उंबऱ्यावर न लिहिता लिहिलेले असे. आमचे आजोबा त्या दारवंट्याबाहेर जोहार घालून उभे राहत. पाणी वरून ओंजळीत ओतले जाई. त्या वास्तूची नक्कल करताना उंबऱ्यांची ही उतरंड नकळत नव्या इमारतीत शिरते. पुढे अधीक्षकांचे कार्यालय, त्यामागे "पाहुण्यांची" खोली, मग मुले, आणि सगळ्यात मागे, कुंपणाला लागून, स्वयंपाकीण आणि सफाई कामगार. वाड्याची भिंत घ्या, पण उंबरे घेऊ नका.

आणि वाड्याच्याही आधी या मातीत सामुदायिक निवासाची एक थोर परंपरा होऊन गेली आहे, तिच्याकडे या मंडळींचे लक्ष कसे जात नाही? कुंडलहून तासाभराच्या वाटेवर कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, साठांहून अधिक. मधोमध मंडप, तीन बाजूंनी छोट्या खोल्या, खोलीत दगडी ओटा, पुढे पडवी आणि शेजारी पावसाचे पाणी साठवणारे खोदीव टाके. भिक्खूंच्या वर्षावासाचे, अध्ययनाचे, एकत्र राहण्याचे हे ठिकाण. आज ज्याला आपण वसतिगृह म्हणतो त्याचा दोन हजार वर्षांपूर्वीचा नकाशा सातारा जिल्ह्याच्या डोंगरात कोरलेला आहे. तोच नकाशा बिहारच्या सपाट गाळाच्या प्रदेशात गेला तेव्हा डोंगर नव्हता म्हणून नालंदेला विटांचा झाला. मध्ये चौक, भोवती खोल्या, चौकात विहीर. सह्याद्रीत दगड, मगधात वीट. परिसराशी जुळणे याला म्हणतात. साहित्य बदलले, आतली माणसामाणसांतली समता बदलली नाही.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात सेनासन म्हणजे निवासस्थान या विषयावर एक स्वतंत्र खंधक आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तो अवश्य वाचावा. त्यात कोणत्या प्रकारची निवासस्थाने चालतील, दाराला कडी कशी असावी, खिडक्या कोणत्या प्रकारच्या असाव्यात याची चर्चा आहे. सखल जागी बांधलेल्या विहारात पाणी शिरते अशी तक्रार आली तेव्हा जोते उंच करण्यास तथागतांनी अनुज्ञा दिली. पूररेषेचा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी झाला होता म्हणायचा! आणि त्या निवासात ज्येष्ठता जातीने ठरत नव्हती. शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला प्रव्रज्या दिली गेली, म्हणून राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. महाराष्ट्रातील लेण्यांच्या दानलेखांत सुतार, लोहार, माळी, कोळी अशा कष्टकऱ्यांची नावे आहेत. पाण्याच्या टाक्याला त्या लेखांत पोढी म्हटले आहे. कुणी खोली दिली, कुणी पोढी दिली. राजाच्या देणगीशेजारी कोळ्याची देणगी, एकाच दगडात.

आधुनिक काळात ही परंपरा पुन्हा सुरू झाली ती याच दक्षिण महाराष्ट्रात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगे उघडली आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू केले. त्या समारंभाला एक जैन विद्यार्थी गेला. परत आल्यावर आंघोळ करून मगच भोजनगृहात ये, असे त्याच्या वसतिगृहात बजावण्यात आले, त्याने नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले, अशी हकीकत त्याच्या चरित्रात येते. तो विद्यार्थी म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. पुढे हेच भाऊराव किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहायचे, एकत्र शिजवायचे आणि एका पंगतीत जेवायचे असे बोर्डिंग काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. आंघोळीच्या अटीला दिलेले ते उत्तर होते.

शाहू महाराजांची बोर्डिंगे जातवार होती, हा मुद्दा आमचे काही विरोधक आजही उगाळतात. त्या काळी जातवार बोर्डिंग हीच पहिली पायरी होती, कारण एका छपराखाली यायला समाज तयार नव्हता. पायरी चढायची असते, तिच्यावर बिऱ्हाड करायचे नसते. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेमार्फत १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले, ते समाजाच्या मुलांना हायस्कूलपर्यंत पोहोचवण्यासाठी. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय काढले, १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि वर्ग, वसतिगृहे, झाडी यांचे मिळून नागसेनवन उभे राहिले. मराठवाड्याच्या उजाड माळावर वन! मराठवाड्यातली आमची एक अख्खी पिढी त्या झाडांखाली वाचायला शिकली. बाबासाहेबांनी तिथल्या इमारतींकडे आणि झाडांकडेही जातीने लक्ष दिले होते. पुतळ्यांच्या उंचीवर वाद घालणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी हे आठवावे.

आज परिस्थिती काय आहे? शासकीय वसतिगृहांत जागा अपुऱ्या, म्हणून २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या खात्यावर थेट रक्कम. योजना चांगली, तिला आमचा विरोध नाही. पण सुरुवातीला मोठी शहरे वगळता इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी निवासासाठी ठरलेली रक्कम होती वर्षाला १२ हजार, म्हणजे महिन्याला हजार रुपये. हजार रुपयांत सांगलीत खोली मिळते का, हा हिशेब मंत्रालयात कोणी केला होता ठाऊक नाही. आणि पैसे असले तरी घरमालक आधी आडनाव विचारतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना कसे टाळले जाते हे सप्रमाण दाखवले आहे. सांगली-साताऱ्याला त्यासाठी वेगळा अभ्यास नको. शाकाहारी कुटुंबालाच खोली देणे आहे, ही पाटी वाचता येणाऱ्याला पुरेशी आहे. म्हणून रोख रक्कम ही वसतिगृहाची जागा घेऊ शकत नाही. रक्कम मुलाला बाजारात एकटे सोडते, वसतिगृह त्याला सोबती देते.

सोबती कसे मिळतात हे मात्र पुन्हा इमारतीवर अवलंबून असते. लांबच लांब अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना बंद दारे असली की तयार होते ती चाळसुद्धा नव्हे, तुरुंगाची बरॅक. स्वयंपाकघर आणि भोजनगृह मधोमध, उजेडात, सगळ्यांना दिसेल असे असावे. कोण शिजवते, काय शिजते, कोण कोणाशेजारी बसते यात लपवण्यासारखे काही नसावे. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहातली काही टेबले शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला १० हजारांचा दंड झाला. टेबल वेगळे करायला भिंत लागत नाही, पाटी पुरते. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगांतील जातवार बरॅकी आणि जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरवले. जे तुरुंगात चालत नाही ते वसतिगृहात कसे चालेल, असा प्रश्न आम्ही कायद्याचे विद्यार्थी म्हणून विचारतो. आणि हैदराबाद विद्यापीठात वसतिगृहातून काढलेल्या पाच विद्यार्थ्यांनी उघड्यावर जी जागा उभी केली तिला त्यांनी वेलिवाडा म्हटले, तेलुगूत त्याचा अर्थ गावाबाहेरचा दलितवाडाच. १७ जानेवारी २०१६ रोजी त्यांतला रोहित वेमुला आपल्यातून गेला.

मुलींच्या वसतिगृहाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. सुरक्षेच्या नावाखाली दहा फुटी भिंत, तिच्यावर काचा, खिडक्यांना जाळ्या आणि संध्याकाळी सहाला कुलूप, हा सगळीकडचा खाक्या आहे. याच औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले गेले. तिथे शिक्षा झालेले कैदी भिंतीशिवाय, शेती करत राहिले. खुनाच्या कैद्यावर विश्वास टाकणाऱ्या मुलखात शिकणाऱ्या मुलीला कोंडून ठेवावे लागते? मुलीला सुरक्षित ठेवतात ते रस्त्यावरचे दिवे, समोरची वर्दळ, वसतिगृहापर्यंत येणारी एसटी आणि जागरूक महिला अधीक्षक. म्हणूनच वसतिगृह गावात हवे, गावाबाहेर नको. त्याचे वाचनालय रस्त्याच्या बाजूला हवे आणि संध्याकाळी गावातल्या कोणत्याही मुलाला तिथे येऊन बसता आले पाहिजे. पाण्याची टाकी अशा ठिकाणी हवी की वाटसरूही पाणी पिईल. चवदार तळ्यावर १९२७ मध्ये आपल्याला पाणी प्यायला जावे लागले, आता आपल्या वसतिगृहाचे पाणी सगळ्या गावाने प्यावे.

काही जण विचारतील, डोंगरपायथ्याची उंच जागाही हवी आणि गावाच्या मध्येही हवी, हे जमायचे कसे? जमते. शासकीय जागा म्हणजे फक्त गावाच्या टोकाचे गायरान नव्हे. बाजारपेठेलगत, स्टँडजवळ, शाळेच्या आवारात पडून असलेल्या जागा प्रत्येक मोठ्या गावात असतात. त्या कुणाच्या घशात गेल्या हे तलाठ्याला ठाऊक असते. आपल्यापैकी काही मंडळी समाजाच्या वतनाची जमीन वसतिगृहाला देऊ करतात, त्यांच्या भावनेचा आदर आहे. पण ती जमीन बहुधा भोगवटादार वर्ग दोनची असते, तिच्या हस्तांतराला परवानगी लागते, आणि ती बहुतेक वेळा ओढ्याकाठी, सखलच असते. हजार वर्षांपूर्वी कोणी आपल्याला जिथे बसवले तिथेच आपली मुले पुन्हा का बसवायची?

आणखी एक मूल या हिशेबात धरायला हवे. दरवर्षी दिवाळीच्या आसपास या भागातल्या कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडाशेजारी, कारखान्याच्या आवारात, चटई-बांबूच्या कोप्या उभ्या राहतात. त्या कोपीत राहणारी मुले शाळेच्या पटावर एका जिल्ह्यात आणि प्रत्यक्षात दुसऱ्या जिल्ह्यात असतात. त्यांत आपल्या समाजाची आणि वंजारी, बंजारा, भटक्या-विमुक्तांची मुले आहेत. शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली, ती मूळ गावाकडच्या तालुक्यांसाठी. योग्यच. पण जी मुले आईबापाबरोबर येतातच त्यांचे काय? कुंडलसारख्या कारखान्याच्या गावातल्या वसतिगृहात हंगामी पाच-सहा महिन्यांसाठी एक मोठे दालन, न्हाणी आणि एक शिक्षक एवढी तरतूद नकाशातच करता येते. इमारत उभी राहिल्यावर मग ते "जागेअभावी शक्य नाही" असे होते.

नकाशा कागदावर असतो तोवरच बोलण्याला अर्थ आहे. म्हणून पलूस, कडेगाव, खानापूर, वाळवा भागातल्या कार्यकर्त्यांनी येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वसतिगृहाच्या जागेचा ठराव मांडावा. ठरावात गट नंबर लिहावा, पूररेषेचा दाखला मागावा आणि आराखडा मंजूर होण्यापूर्वी गावापुढे, मुलींसह विद्यार्थ्यांपुढे ठेवावा अशी अट घालावी. सध्या भाड्याच्या इमारतीत वसतिगृह असेल तर मालक कोण, भाडे किती, करार किती वर्षांचा, खोल्या किती आणि मुले किती, हे सहाय्यक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो.